ज्येष्ठतेत तिसऱ्या असलेल्या शिक्षकाला मुख्याध्यापक नेमलंय. पालकांनी नेमकं कुठं धरायचं?

कृष्णाकाठची_आई

शाळा मिरज तालुक्यातली, खाजगी अनुदानित, मराठी माध्यम, पाचवी ते दहावी. त्याच संस्थेच्या जिल्ह्यात आणखी दोन शाळा आहेत. मुख्याध्यापक 31 मेला निवृत्त झाले. संस्थेने ठराव करून ज्यांना नेमलं, ते ज्येष्ठतेत तिसरे आहेत असं स्टाफमधूनच कळतंय. संस्थेच्या सचिवांशी त्यांचं जवळचं नातं आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सातवीच्या मुलांना मारल्याची लेखी तक्रार तीन पालकांनी शाळेत दिली होती. तिचं पुढे काय झालं ते आजवर सांगितलेलं नाही.

शिक्षण विभागाची मान्यता आली की नाही, हेही कळत नाही. दालनात बसून सह्या मात्र सुरू आहेत.

पालकांच्या ग्रुपवर शाळेला टाळं ठोकायचं चाललंय. त्याआधी विचारते: पालकांना या नेमणुकीवर हरकत घेता येते का? घेतली तर कुणाकडे, आणि कशाच्या आधारावर? यांच्या सहीचे दाखले आणि दहावीचे फॉर्म चालतात का?

आयर्विन_पूल

ताई, तुमच्या अर्जात तीन विषय एकत्र येणार असं दिसतंय: ज्येष्ठता, नातं आणि मारहाण. ते आधी वेगळे करा. तिन्हीचं कार्यालय वेगळं, कायदा वेगळा, मुदत वेगळी. एकाच कागदावर सगळं लिहिलं की बाबू त्यातला सगळ्यात कच्चा मुद्दा उचलतो, त्याला उत्तर देतो आणि अर्ज निकाली काढतो.

कच्चा मुद्दा म्हणजे नातं. खाजगी शाळांच्या नेमणुका 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आणि 1981 ची नियमावली यांनुसार होतात. मुख्याध्यापकासाठी त्यातला नियम 3 आहे आणि त्यात नात्याचा उल्लेखच नाही. सचिवांचा भाऊ असो की मेहुणा, तो ज्येष्ठ आणि पात्र असेल तर नेमणूक बरोबरच. म्हणून अर्जात ‘नातेवाईक’ हा शब्द एकदाही नको. तो शब्द आला की अर्ज गावच्या राजकारणाचा वाटायला लागतो.

पक्का मुद्दा ज्येष्ठतेचा. नियम 3 काय सांगतो ते सोप्या भाषेत: माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक पदवीधर आणि बी.एड. हवा. पदवीनंतर किमान 5 वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव हवा, त्यातली किमान 2 वर्षं बी.एड. नंतरची. असे जे पात्र आहेत, त्यांच्यातल्या सर्वांत ज्येष्ठाला, त्याची सेवा समाधानकारक असेल तर, नेमायचं. संस्थेच्या एकापेक्षा जास्त शाळा असतील तर ज्येष्ठता सगळ्या शाळांची मिळून धरतात, फक्त रात्रशाळा वगळून. तुमच्या संस्थेच्या तीन शाळा आहेत, म्हणून ‘आमच्या शाळेत तिसरे’ याला अर्थ नाही. एकत्रित यादीत ते कितवे आहेत ते पाहायचं. कदाचित ते तिसरे नसून आठवे असतील. किंवा वरच्या दोघांचं बी.एड. उशिराचं असेल आणि हेच पहिले निघतील. ही यादी हातात येईपर्यंत कुठंही तोंडी आरोप करू नका.

यादी कशी लावायची ते नियमावलीच्या अनुसूची ‘फ’ मध्ये आहे. गोंधळ होतो तो बहुतेक या ठिकाणी:

नोकरीला लागल्याची तारीख आणि प्रवर्गात (म्हणजे पात्रतेनुसार पाडलेल्या शिक्षकांच्या गटात) आल्याची तारीख या दोन गोष्टी आहेत. डी.एड. वर आधी लागलेला शिक्षक पदवी आणि बी.एड. दोन्ही पूर्ण झाल्यावर ‘क’ प्रवर्गात येतो. आधी लागला म्हणून आपोआप ज्येष्ठ ठरत नाही. कोर्टात गेलेली बरीचशी प्रकरणं याच एका प्रश्नाची आहेत.

एम.ए. बी.एड. आणि बी.ए. बी.एड. एकाच ‘क’ प्रवर्गात येतात. ‘यांचं शिक्षण जास्त’ हे संस्थेचं आवडतं कारण, पण ज्येष्ठतेत त्याला किंमत नाही.

एकाच प्रवर्गात दोघांची तारीख एकच असेल तर वयाने मोठा तो ज्येष्ठ. (आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी निम्म्या गावाची जन्मतारीख 1 जून लिहिली, त्यामुळे दर 31 मेला घाऊक निवृत्त्या होतात. वयही सारखंच निघालं तर मात्र पंचाईत.)

वरच्याला डावलताना ‘सेवा समाधानकारक नाही’ असं संस्था म्हणू शकते. तेव्हा विचारायचं की गोपनीय अहवालातले प्रतिकूल शेरे त्या शिक्षकाला लेखी कळवले होते का. नियमाने ते कळवावे लागतात. न कळवलेला शेरा ऐन वेळी काढला तर तो टिकवणं संस्थेला जड जातं.

आता कटू भाग. ज्येष्ठतेत डावललं गेल्याची दाद मागायचा हक्क त्या डावललेल्या शिक्षकाचा आहे, पालकांचा नाही. अधिनियमाच्या कलम 9 खाली शाळा न्यायाधिकरणाकडे 30 दिवसांत अपील करावं लागतं. सांगलीसाठी ते कोल्हापूरला आहे. सेवाविषयक प्रकरणात जनहित याचिका चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलंय. त्यामुळे उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून सुरू झालं असलं, मुंबईची वारी वाचली असली, तरी ‘पालक म्हणून रिट टाकू’ असं सांगणाऱ्या वकिलाला आधी हा प्रश्न विचारा आणि मग वकीलपत्रावर सही करा.

मग पालकांच्या हातात काय राहतं? मान्यतेआधीची हरकत. संस्थेचा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, सांगली यांच्याकडे जातो. त्यांची मान्यता मिळाल्याशिवाय मुख्याध्यापकाच्या वेतनश्रेणीत पगार निघत नाही. प्रस्ताव टेबलावर असताना ‘नियम 3 आणि 12 नुसार एकत्रित ज्येष्ठता यादी तपासूनच निर्णय घ्यावा’ असा चार ओळींचा अर्ज आवक शिक्क्यासह पडला, की तो प्रस्तावाला जोडला जातो. मान्यता निघून गेल्यावर हाच अर्ज दिलात तर मान्यता फिरवण्यासाठी सुनावणी, नोटिसा, तारखा. म्हणून टाळं, मोर्चा सगळं बाजूला ठेवा आणि आठवड्याच्या आत हा अर्ज द्या.

जावक_क्रमांक

वर ‘नियम 12’ म्हटलंय तो काय ते सांगतो, कारण कागद तिथंच सापडतो.

संस्थेने ज्येष्ठता यादी तयार करायची, संबंधित शिक्षकांना द्यायची आणि मिळाल्याच्या सह्या घ्यायच्या. यादीत नंतर काही बदल केला तर तोही कळवायचा. कुणाची हरकत आली तर विचारात घ्यायची, आणि वाद राहिलाच तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे निर्णयाला पाठवायचा. पुष्कळ संस्थांत ही यादी दर वर्षी निघत नाही. मुख्याध्यापक निवृत्त व्हायच्या आसपास अचानक एक कोरी करकरीत यादी तयार होते. म्हणून एकच यादी मागू नका. मागच्या 3 वर्षांच्या याद्या, शिक्षकांच्या सह्यांच्या पानासकट मागा. आधीच्या दोन याद्यांत एक क्रम आणि शेवटच्या यादीत दुसरा असेल तर बदल कशामुळे झाला, हा एवढाच प्रश्न पुरतो.

माहिती अधिकारात मागताना लोक ठरलेल्या चुका करतात.

अर्ज शाळेत देतात. अनुदानित शाळेत जन माहिती अधिकारी सहसा मुख्याध्यापकच असतो, म्हणजे ज्याच्याबद्दल विचारताय तोच उत्तर देणार. प्रस्तावाची एक प्रत शिक्षणाधिकारी कार्यालयात असतेच, अर्ज तिथं द्या.

‘पालक कृती समिती’च्या नावाने अर्ज करतात. माहिती नागरिकाला मिळते, समितीला नाही. एका माणसाचं नाव, एकाची सही.

पानभर गाऱ्हाणं लिहितात. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज 150 शब्दांचा आणि एकाच विषयाचा हवा. ‘का नेमलं?’ असा प्रश्न विचारायचा नाही, कागद मागायचा.

त्या व्यक्तीची सेवापुस्तिका, गोपनीय अहवाल मागतात. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार येतो आणि त्यात दोन-तीन महिने जातात. ज्येष्ठता यादी, संस्थेचा ठराव, प्रस्तावाचं पत्र आणि मान्यता आदेश हे कार्यालयीन कागद आहेत, तेवढेच मागा.

10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तर 30 दिवसांत. नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपये. त्यापुढे 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे. पण तिथल्या तारखा पाहता तुमची मुलं दहावी होऊन जातील.

कृष्णाकाठची_आई

खूप उपयोगी. एक भर घालते. आज कळलं की ज्येष्ठतेतल्या पहिल्या बाईंनी म्हणे स्वतःच नकार लिहून दिलाय, आणि दुसऱ्या सरांना निवृत्तीला दीडच वर्ष राहिलंय म्हणून विचारलंच नाही. मग संपलं ना सगळं?

आयर्विन_पूल

नाही. उलट आता दोन नेमके प्रश्न मिळाले.

नकार: ज्येष्ठ शिक्षकाने स्वखुशीने लेखी हक्क सोडला तर पुढच्याला नेमता येतं, हे खरं. पण तो नकार फक्त संस्थेच्या फायलीत असून भागत नाही. ‘हे मी माझ्या मर्जीने दिलंय’ यावर शिक्षणाधिकाऱ्यांचा लेखी शेरा घ्यावा लागतो. नियमात ही अट आहे त्याचं कारण उघड आहे: संस्थेच्या कार्यालयात बसवून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जायच्या. तर विचारायचं एवढंच की नकारपत्रावर शिक्षणाधिकाऱ्यांचा शेरा आहे का, आणि त्याची तारीख संस्थेच्या ठरावाच्या आधीची की नंतरची. ठराव आधी आणि नकार नंतर असेल तर तो नंतर जमवलेला कागद आहे, हे कुणालाही दिसतं.

दुसरे सर: दीड वर्ष राहिलं म्हणून डावलता येत नाही. शिक्षक 58 व्या वर्षी निवृत्त होतो, तोवर त्याचा हक्क आहे. नियम ‘सर्वांत ज्येष्ठ’ म्हणतो, ‘जास्त वर्षं उरलेला’ म्हणत नाही. पहिल्या बाईंचा नकार खरा असला तरी पाळी दुसऱ्या सरांची येते, तिसऱ्यांची नाही. त्यांनी लिहून दिलंय का? दिलं नसेल आणि नेमणुकीला 30 दिवस झाले नसतील तर न्यायाधिकरणाचा रस्ता त्यांना अजून मोकळा आहे. त्यांच्यावर दबाव आणू नका, घरी शिष्टमंडळ नेऊ नका. त्यांना तिथंच नोकरी करायचीय.

यवतेश्वर_घाट

साताऱ्याकडून. इकडे रयतसारखी मोठी संस्था असली की एकत्रित यादी, बदल्या, बढत्या या गोष्टी सगळ्यांच्या अंगवळणी पडलेल्या असतात. दोन-तीन शाळांच्या छोट्या संस्थांत ‘ही शाळा वेगळी, ती शाळा वेगळी’ असं धरून चालतात आणि घोटाळा तिथंच होतो.

माझा मुद्दा मात्र मारहाणीच्या तक्रारीचा. वर म्हटल्याप्रमाणे तो वेगळ्या अर्जात द्या, पण दुय्यम समजू नका. माझ्या मते पालकांचा खरा अधिकार तिथंच आहे. ज्येष्ठतेत तुम्ही बाहेरचे, इथं तुम्ही थेट तक्रारदार.

सातवीची मुलं म्हणजे शिक्षण हक्क कायदा 2009 लागू. कलम 17 प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि उल्लंघन केलं तर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. कलम 32 खाली तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषदेकडे. त्यांनी तीन महिन्यांत निर्णय द्यायचा, नाही पटला तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. नववी-दहावीच्या मुलांबाबत काही घडलं असेल तर बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 बघावं लागतं, तो पोलिसांचा विषय.

जुन्या तक्रारीत काय लिहायचं: तक्रार कोणत्या तारखेला दिली, आवक क्रमांक, कुणी घेतली, चौकशी झाली का, अहवाल कुठं आहे. मुलांची नावं अर्जात नकोत, इयत्ता आणि वर्ष पुरे. आवक क्रमांक नसेल तर तक्रार दिलीच नव्हती असं उत्तर येणार. त्या तिघांनी आज पुन्हा नव्याने, स्वतःच्या सहीने द्यावी. ऐकीव माहितीवर चौथ्याने सही करू नये, जबाबाच्या वेळी तोच माणूस सगळं पाडतो.

आणि चौकशी प्रलंबित आहे म्हणून नेमणूक रद्द करा, अशी मागणी करू नका. ‘चौकशी पूर्ण करून अहवाल मान्यतेच्या प्रस्तावासोबत विचारात घ्यावा’ अशी करा. ‘समाधानकारक सेवा’ ही नियम 3 मधलीच अट आहे, तिच्याशी हा धागा जुळतो. दोन्ही अर्ज वेगळे, पण एकात दुसऱ्याचा आवक क्रमांक संदर्भ म्हणून टाकायचा.

हळदीचा_सौदा

एवढे कागद कोण फिरवणार? चार दिवस टाळं ठोका, संस्था सुतासारखी सरळ होते.

जावक_क्रमांक

दादा, टाळ्याने संस्था नाही, दहावीची बॅच अडकते. तुकडीचे तास बुडतात ते वेगळंच. आणि गुन्हा दाखल झाला तर ज्यांच्या सह्या निवेदनावर, त्यांचीच नावं त्यात. मग तडजोडीत पहिली अट हीच असते: तुम्ही हरकत मागे घ्या, आम्ही गुन्हा मागे घेतो.

ताईंच्या सह्यांच्या प्रश्नाला कुणी हात लावला नाही, तो महत्त्वाचा आहे. मुख्याध्यापक पदाला मान्यता मिळेपर्यंत काम थांबू नये म्हणून शिक्षणाधिकारी एखाद्या ज्येष्ठ शिक्षकाला किंवा पर्यवेक्षकाला ठरावीक मुदतीसाठी ‘सह्यांचे अधिकार’ देतात. पगारबिल, बँक, बोर्डाचं काम त्या सहीवर चालतं. तेव्हा विचारायचा प्रश्न ‘मुख्याध्यापक कोण’ हा नाही, ‘सह्यांचे अधिकार कुणाला, कोणत्या पत्राने, कधीपर्यंत’ हा आहे. ते पत्रच नसेल आणि तरी सह्या सुरू असतील, तर ही गोष्ट शिक्षणाधिकाऱ्यांच्या कानावर घालण्यासारखी आहे. हे पत्र दाखवायला शाळेला काही अडचण नसते. शाळा आढेवेढे घेत असेल तर त्यातच बरंच काही कळतं.

मुलांच्या कागदांची घाबरगुंडी नको. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा आधार जनरल रजिस्टरमधली नोंद. नोंद बरोबर असेल, दाखल्यावर रजिस्टर क्रमांक, तारीख, शिक्का असेल, तर उद्या नेमणूक रद्द झाली म्हणून मुलाचं वय किंवा इयत्ता बदलत नाही. दाखला घेताना नाव, जन्मतारीख, आईचं नाव, जात ही चार घरं तिथंच उभं राहून वाचा. तिथली चूक नंतर जास्त त्रास देते.

दहावीचे फॉर्म शाळेच्या लॉगिनमधून कोल्हापूर विभागीय मंडळाकडे जातात. तोवर सह्यांचा प्रश्न मिटलेला हवा, कारण याद्या, अंतर्गत गुण, प्रवेशपत्रं या सगळ्यांवर मुख्याध्यापकाची सही आणि शिक्का लागतो. अर्जात ही निकड जरूर लिहा: ‘इयत्ता दहावीच्या परीक्षा अर्जांपूर्वी निर्णय व्हावा’. तारीख पुढे आली की फाईल हलते.

कृष्णाकाठची_आई

शाळा व्यवस्थापन समितीतून ठराव करून घेतला तर? अध्यक्ष पालकच आहेत. आणि पुढच्या सोमवारी लोकशाही दिन आहे, तिथं जाऊ का?

आयर्विन_पूल

समितीत 75 टक्के पालक असतात हे खरं, पण अनुदानित शाळांत 2012 च्या दुरुस्तीपासून तिची भूमिका फक्त सल्ल्याची आहे. नेमणुकीवर तिचा ठराव बंधनकारक नाही. तरी करा, पण विषय ‘मुख्याध्यापक नको’ असा न ठेवता ‘मारहाणीच्या तक्रारीच्या चौकशीची सद्यस्थिती’ आणि ‘विद्यार्थी सुरक्षा’ असा ठेवा. 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी हे सगळं आलंय. यातलं आपल्या शाळेत काय झालं, हे विचारायला समितीला कुणी अडवू शकत नाही. इतिवृत्तावर हजर सदस्यांच्या सह्या त्याच बैठकीत घ्या, ‘नंतर लिहू’ म्हटलं की ठराव बदलतो.

लोकशाही दिनाला नेमणुकीचा विषय नेऊ नका. सेवाविषयक आणि न्यायप्रविष्ट बाबी तिथं घेतच नाहीत, शिवाय अर्ज 15 दिवस आधी द्यावा लागतो. हेलपाटा होईल.

एक बाजू राहिली. ठराव करणारं संचालक मंडळ धर्मादाय कार्यालयाच्या नोंदीत आहे का? निवडणूक झाली की 90 दिवसांत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 खाली बदल अर्ज द्यायचा असतो. संस्थेत दोन गट असतील आणि बदल अर्जावर वाद सुरू असेल, तर दोन्ही गट आपापला मुख्याध्यापक पाठवतात आणि शिक्षणाधिकारी दोन्ही प्रस्ताव बाजूला ठेवतात. सांगलीच्या धर्मादाय कार्यालयातून अनुसूची 1 ची, म्हणजे संस्थेच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल काढा. ठरावावरच्या सह्या आणि त्या नकलेतली नावं जुळतात का, बघायला दहा मिनिटं लागतात.

अल्पसंख्याक दर्जाची संस्था असेल तर मात्र वरचं ज्येष्ठतेचं बरंचसं लागू नाही. त्यांना पात्र उमेदवारांतून आपल्या पसंतीचा मुख्याध्यापक नेमता येतो. हे पहिल्यांदा तपासा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

जावक_क्रमांक

माहिती अर्जाचा मजकूर देतो, जसाच्या तसा उतरवा. 150 शब्दांत सहज बसतो.

‘विषय: (शाळेचे नाव) येथील मुख्याध्यापक पदाच्या मान्यतेचा प्रस्ताव. कालावधी: मागील 3 वर्षे. आवश्यक माहिती: (1) संस्थेच्या सर्व माध्यमिक शाळांची एकत्रित सेवाज्येष्ठता यादी, वर्षनिहाय, शिक्षकांच्या पोहोच सह्यांसह. (2) मुख्याध्यापक नियुक्तीबाबत संस्थेचा ठराव व प्रस्तावाचे पत्र. (3) ज्येष्ठ शिक्षकाने हक्क सोडल्याचे पत्र आले असल्यास, त्यावरील शिक्षणाधिकाऱ्यांच्या शेऱ्यासह प्रत. (4) सह्यांचे अधिकार दिल्याचे पत्र. (5) मान्यता आदेश किंवा त्रुटीपत्र. माहिती व्यक्तिशः घेणार.’

‘त्रुटीपत्र’ हा शब्द विसरू नका. प्रस्तावात काही कमी असेल तर कार्यालय संस्थेला त्रुटी कळवतं, आणि नेमकी खोट कुठं आहे ते त्या एका पानावर लिहिलेलं असतं. पानाला 2 रुपये. हरकतीचा अर्ज मात्र याच्या उत्तराची वाट पाहत थांबवू नका. दोन्ही एकाच दिवशी द्या, प्रत्येकाची दुसरी प्रत सोबत न्या आणि शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.